कान कसा घडतो?

‘तुम्हांला कोणते गाणे आवडते?’ असे कोणी विचारले, म्हणजे मनुष्य सहसा खरे उत्तर देत नाही. विचारणारा कोण आहे, हे तो आधी पाहतो. विचारणारा गवयी असेल तर अब्दुल करीमखाँसाहेबांचे नाव घेतो, विचारणारा कॉलेजातला विद्यार्थी असेल तर एखादे सिनेमातले गाणे सांगतो आणि विचारणारे व्याही असतील तर ज्ञानेश्वरांचे अभंग सांगून मोकळा होतो. आम्हीही आयुष्याची बरीच वर्षे हेच केले. म्हणून या वसंत व्याख्यानमालेत ‘आमची आवड’ हा विषय आला, तेव्हा प्रथम आम्ही एक वही घेतली आणि आमच्या कानावर जे जे आले ते, बरेवाईट न ठरवता, आले त्या क्रमाने लिहून काढले. ती यादी वाचून आमचे आम्हांलाच नवल वाटले. आपली आवड आपण निवडली अशी आमची समजूत होती. यादीतली निम्मीअधिक गाणी आम्ही निवडलेलीच नव्हती. ती भिंतीवरून, रस्त्यावरून आणि शेजारच्या ओट्यावरून आली होती.

वहीतली पहिली नोंद जात्याची आहे. आमचे लहानपण चिखलीस गेले. पहाटे आई व काकू दळावयास बसत. जात्याची लय ठरलेली असते. खुंटा एकदा पूर्ण फिरला की हाताला पुन्हा जोर लावावा लागतो आणि ओवीचा चरण नेमका त्या फेऱ्यावर बसतो. श्वासही तेथेच घ्यावयाचा. ओवीच्या चालीत स्वर थोडेच लागतात, कारण श्रम करणाऱ्याला तारसप्तकात जाण्याची सोय नसते. अर्धवट झोपेत ऐकलेल्या त्या चालीने आम्हांला सूर फारसा दिला नाही, लय मात्र दिली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली भुलाबाई मांडतात. टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणावयाची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची. गाण्यापेक्षा खिरापतीवर आमचे लक्ष अधिक असे, हे कबूल केले पाहिजे. पण गाणी पाठ झाली ती झालीच. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हटल्या जात. त्या गाण्यात मोडत नाहीत. तरी शब्द कोठे उचलावा आणि कोठे टाकावा, हे त्या झडत्यांनी आम्हांला कोणत्याही वृत्तदर्पणाच्या आधी शिकवले.

दुसरी नोंद भजनाची. शेगावचे श्रीगजानन महाराज १९१० साली समाधिस्थ झाले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या भजनाच्या परंपरेपासून आमच्या जिल्ह्यातला मनुष्य लांब राहू म्हटले तरी राहू शकत नाही. वारकरी भजनात टाळ हे केवळ ताल धरण्याचे साधन नाही. वीसपंचवीस टाळ एका क्षणी वाजले की प्रत्येकाला आपला टाळ वेगळा ऐकू येईनासा होतो. एकजण चरण म्हणतो, बाकीचे तो झेलतात आणि पखवाज दोघांना सांभाळतो. याच काळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी सबंध विदर्भात घुमत होती. महाराजांचा जन्म १९०९चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, आणि देहावसान १९६८चे. खंजिरी भजनाची रचना अगदी निराळी. येथे एक मनुष्य आणि एक हात सगळा ताल उभा करतो, लय जलद असते आणि मराठीशेजारी हिंदी भजन सहज येऊन बसते. टाळ अनेकांना एकत्र विरघळवतो, खंजिरी एकाचे म्हणणे हजारांपर्यंत नेते. हा फरक तेव्हा आम्हांला सांगता आला नसता, परंतु कानाला तो कळत होता.

रामनवमीच्या उत्सवातल्या नारदीय कीर्तनाची गोष्ट आणखी निराळी. बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करीत आणि उत्तररंगात आख्यान लावीत. आख्यानात साकी, दिंडी, आर्या, कटाव असे एकामागून एक यावयाचे. मधूनच एखादे पद यमन नाहीतर भैरवीत निघे. रागाचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. दुःखाचा प्रसंग आला की बुवा अमुक तऱ्हेने गातात, एवढेच कळे. ज्या तालुक्याच्या गावी शास्त्रोक्त गाण्याची बैठक वर्षातून एकदा होणे कठीण, तेथे हरदासांनी रागदारीची ओळख तुकड्यातुकड्यांनी घरोघर पोचवली. हे त्यांचे ऋण फारसे कोणी मांडत नाही.

फाल्गुन आला की आमच्याकडे दोन आवाज एकदम सुरू होत. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांची यात्रा भरते. तेथे सर्व धर्मांचे लोक जातात, संदल निघतो. याच दिवसांत मेहकर-लोणार भागातल्या तांड्यांवर बंजारा स्त्रीपुरुष फेर धरून लेंगी म्हणतात. आमच्या भागातल्या उरुसांतून आम्ही पहिल्याने कव्वाली ऐकली. कव्वालीतली एक युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. गाणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. प्रत्येक वेळी थोडा वर चढतो, टाळ्या दाट होतात आणि ऐकणाऱ्याला ती ओळ नवीनच वाटू लागते. गजराच्या वेळी टाळकरी करतात तेही काही अंशी हेच. लेंगीतही ओळ फिरून फिरून येते, पण तेथे तिला पुढे ढकलतात ते पाय. शब्द तीन भाषांचे, देव निराळे, आणि मनुष्याला बसल्या जागेवरून उठवण्याची रीत मात्र सारखी.

येथवरचे सर्व अनायासे आले. हौसेने मिळवलेले पहिले संगीत म्हणजे मेहकरच्या आमच्या मामांकडची तबकडी. चावीचा फोनो होता. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. सुई वरचेवर बदलावी लागे, चावी संपत आली की गवयाचा आवाज खाली घसरे आणि आम्हां पोरांना तेच गाणे अधिक आवडे. मैफलीत एक राग तासभर मांडणाऱ्या गवयांना तबकडीसाठी तो तीन मिनिटांत सांगावा लागला. पुष्कळांना हा अन्याय वाटला. पण ज्याने मैफल कधी पाहिलीच नाही, त्या खेड्यातल्या मुलाला ती तीन मिनिटे पुरी होती. अब्दुल करीमखाँ १९३७ साली गेले. आमच्यासाठी ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मामांच्या माजघरात गायले. बालगंधर्वांची पदेही तेथेच ऐकली. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) ही नाटके आम्ही रंगभूमीवर पाहिली ती फार पुढे. ‘मानापमाना’च्या चाली देताना गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेतला होता, आणि ‘स्वयंवर’च्या चालींमागे भास्करबुवा बखल्यांची रागदारी होती. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठी नाट्यगीत म्हणतो, तेही काशी-लखनौकडून पाहुणे येऊन घरचेच झालेले.

या सगळ्या तबकड्यांत एक मामा निराळी ठेवीत. तिच्यावर ‘शीळ’ हे गीत होते. गायक जी. एन. जोशी आणि कवी ना. घ. देशपांडे. ‘हे आपल्या मेहकरच्या वकिलांचे,’ असे सांगितल्यावाचून मामा तिच्यावर सुई टेकवीत नसत. नागोराव घनश्याम देशपांडे यांचा जन्म १९०९ साली आपल्याच जिल्ह्यात झाला, त्यांनी वकिली मेहकरास केली आणि २००० साली ते निवर्तले. त्यांच्या ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ‘शीळ’ची तबकडी हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने १९३०च्या दशकाच्या आरंभी काढली आणि मराठी भावगीताची सुरुवात सांगताना तिचे नाव हटकून घेतले जाते. त्यापूर्वी कविता गात नसत असे नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायन लोकप्रिय केले होते. पण काव्यगायनात कवी आपली कविता आपल्या आवाजात पोचवी. भावगीतात कवितेला गायक मिळाला, वाद्ये मिळाली आणि तीन मिनिटांची चौकट मिळाली. त्यातून नाट्यपद नव्हे, अभंग नव्हे, लावणीही नव्हे, असा एक नवा प्रकार उभा राहिला. गंमत अशी की, ‘शीळ’ या नावाचा कवीचा संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. पुस्तकाच्या वीसेक वर्षे आधी कविता महाराष्ट्रभर ऐकली जात होती. मेहकरला आजही आगगाडी नाही. तेथल्या कवीचे शब्द मुंबईच्या तबकडीवर चढून पुन्हा मेहकरलाच परत आले. मोठे संगीत दुसरीकडे निर्माण होते आणि आपण ते फक्त ऐकावयाचे, ही आमची बालसमजूत त्या तबकडीने मोडली.

पुढची नोंद आकाशवाणीची. नागपूर केंद्र १९४८च्या जुलैत सुरू झाले. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मोठे स्थान दिले आणि सिनेमातल्या गाण्यांना जवळजवळ दार लावले. झाले काय, तर त्याच वर्षी सिलोन केंद्रावरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता चौकातल्या हॉटेलापुढे माणसे जमू लागली. सिलोनचा आवाज वऱ्हाडात कसा पोचे, याचे कारण समजण्याजोगे आहे. लघुलहरी सरळ रेषेत दूर जातात, वातावरणातल्या विद्युद्भारित थरावर आपटतात आणि परावर्तित होऊन शेकडो कोसांवर खाली उतरतात. तो थर स्थिर नसतो. म्हणून ऐन सम येण्याच्या वेळी गाणे बुडे, आणि पुन्हा वर येईपर्यंत हॉटेलातली मंडळी ते तोंडाने पुरे करीत. आम्ही तर म्हणू की सबंध चौक त्यामुळेच गाऊ लागला. सरकारलाही अखेर लोकांचा कल ओळखावा लागला आणि १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली.

केसकरांना सर्वस्वी दोष देणे मात्र न्याय्य होणार नाही. त्यांच्याच कारकिर्दीत आकाशवाणीने गवयांना आश्रय दिला. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावर माडगूळकर-फडक्यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आठवड्यास एक अशी निघाली, तीही या काळातली. चूक होती ती एवढीच की, चांगले ऐकवण्यासाठी दुसरे बंद केले पाहिजे असे मानले गेले. १९५२च्याच ‘बैजू बावरा’त नौशादांनी अमीरखाँ आणि द. वि. पलुसकर यांना गाण्यास बोलावले होते. ज्या वर्षी मंत्र्यांना दोन खोल्या निराळ्या कराव्याशा वाटल्या, त्याच वर्षी एका चित्रपटाने मधला दरवाजा उघडून दाखवला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘यादी मोठी सुरेख झाली.’ आम्हांसही तसेच वाटले होते. काही वर्षांपूर्वी आम्ही काही मंडळींनी एक बैठक सुरू केली. नियम साधा. महिन्यातून एकदा एकाने यावे, ज्या गाण्याने आपला कान घडला ते ऐकवावे नाहीतर गावे, आणि ते प्रथम कोठे व कोणाच्या तोंडून ऐकले तेवढे सांगावे. एका बैठकीला एक निवृत्त शिक्षक आले. आमचे लहानपणचे घर आणि त्यांचे घर यांच्यामध्ये एक नाला आणि एक भिंत, एवढेच अंतर. त्यांनी पेटी ओढली आणि एक भीमगीत सुरू केले. दुसरा चरण येण्याच्या आधीच तो आमच्या तोंडून बाहेर पडला. तिसराही पडला. सबंध गाणे आम्हांला पाठ होते.

ते थांबले. म्हणाले, ‘सर, हे तुम्हांला कसे येते?’

आम्ही म्हणालो, ‘चौदा एप्रिलला रात्रभर ऐकू येत असे.’

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, ‘ऐकू येत होते, तर एकदाही इकडे का आला नाहीत?’

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आमच्या वहीत जाते होते, टाळ होते, कव्वाली होती, सिलोनदेखील होते. हे गाणे नव्हते. विसरलो होतो असेही नाही, कारण ते पाठ होते. ते आम्ही संगीतात धरलेच नव्हते. वस्तुतः १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातल्या गावोगावच्या वस्त्यांत ही गाणी जोमाने वाढली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी ती गावोगाव फिरून लिहिली आणि गायली. त्यांत लोकगीताचा ठेका आहे, कव्वालीची चढण आहे, चित्रपटातली चाल आहे आणि सवालजवाबाचा तमाशातला डौलही आहे. म्हणजे आमच्या यादीत जे जे होते, ते सर्व एकत्र भिंतीपलीकडे रात्रभर चालले होते. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही आपल्या हक्कांची कहाणी त्या गाण्यांतून पाठ झाली. असे काम करणाऱ्या संगीताला आम्ही ‘आवाज येतो’ म्हणून खिडकी लावून घेतली होती.

कान घडतो कसा, याविषयी विज्ञानानेही काही शोधले आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधक स्त्रियांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग मोठे बोलके आहेत. उत्तर अमेरिकेतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी बाल्कन प्रदेशातली विषम तालांची गाणी ऐकवली. सहा महिन्यांच्या मुलांना परक्या तालातली मोडतोड आपल्या तालातल्याइतकीच ओळखू आली. वर्षाच्या मुलांना ती ओळखू येईनाशी झाली. मात्र घरी काही दिवस ती गाणी लावल्यावर पुन्हा येऊ लागली. प्रौढांना तेवढ्याने ते साधले नाही. अर्थ असा की, कान जन्मतः सर्वांसाठी उघडा असतो, सभोवार जे वाजते त्याभोवती तो घट्ट होत जातो, आणि लहानपणीच्या थोड्या ऐकण्याने पुष्कळ वाटा उघड्या राहतात.

हे वाचल्यावर त्या शिक्षकांच्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला अधिक लागला. भिंतीने आमचा कान बंद केला नव्हता. आवाज भिंतीवरून येतच राहिला आणि त्याने आमचा कान घडवलाही. बंद होते ते तोंड. आपल्याला काय आवडते हे ठरवण्याआधी, काय आवडले असे सांगणे शोभेल हे आम्ही ठरवले होते. आवड आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी आम्ही एकाच वहीत लिहीत आलो.

आजच्या घरांत दुसरीच अडचण आहे. आमच्या नातवाच्या खिशातल्या फोनमध्ये आमच्या मामांच्या सबंध कपाटाहून किती तरी अधिक गाणी आहेत. मेहकरची ‘शीळ’ही शोधली तर सापडेल. पण शोधण्यासाठी आधी ती माहीत हवी. फोन त्याला पुढे जे सुचवतो, ते त्याने आधी ऐकलेल्यावरून सुचवतो. आणि कानात बोंडे घातली की भिंतीपलीकडचे काही ऐकू येत नाही. आमच्या लहानपणी नको असलेले संगीत कानावर पडे, ही तक्रार होती. आता नको ते काहीच पडत नाही. तांड्यावरची लेंगी, संदलाची कव्वाली, वस्तीतले भीमगीत आणि आजीची ओवी यांपैकी जे त्याच्या घरचे नाही, ते त्याच्या कानावर अवचित येण्याची वाट बुजत चालली आहे. आम्हांला निदान एवढे तरी म्हणता आले की ऐकले होते, गेलो मात्र नाही. त्याला ऐकल्याचीही आठवण राहणार नाही.

यावर उपाय फार मोठा नाही आणि त्यासाठी सभागृहही नको. आमच्या बैठकीचे नियम कोणालाही घेता येतील. एका वेळी एकच गाणे ऐकावे आणि ते पुरे ऐकावे. हे थोर की हलके, याचा निकाल त्या दिवशी देऊ नये. गाणे कोणाकडून मिळाले ते सांगावे, कारण गाण्याबरोबर त्या माणसाचीही ओळख होते. घरातले एखादे मूल शेजारी बसवावे. त्याने खिरापतीकडे लक्ष ठेवले तरी चालेल. आणि ज्या घरचे गाणे आपण आजवर दुरूनच ऐकले, त्या घरी पुढची बैठक ठेवावी.

आमची पुढची बैठक नाल्याच्या पलीकडे त्या शिक्षकांच्या ओट्यावर झाली. चौदा एप्रिलचीच रात्र होती. नातवाला बरोबर नेले होते. परत येताना तो काहीतरी गुणगुणत होता. चाल ओळखीची होती. ‘कोणते गाणे रे?’ असे आम्ही विचारले. त्याने खरे उत्तर दिले.